मानसिक इमर्जन्सी आली तर पहिल्या रात्री काय करायचं: घरच्यांसाठी, पायरी-पायरीनं

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी टोकाचा उत्साह तर कधी टोकाची उदासी असा मनाचा आजार. त्याला विचारूनच हे लिहितेय, त्यानं दोनच अटी घातल्या, नाव नको आणि रडगाणं नको. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, त्यामुळे सिव्हिल, पुण्याचे दवाखाने, पोलीस स्टेशन, हेल्पलाईन असं सगळं फिरून झालंय, आणि आता ओळखीतून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच की ताई, आमच्याकडे असं असं झालंय, काय करू. प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं. मी डॉक्टर नाही, हे घरच्या माणसाच्या बाजूनं लिहिलंय.

बाकी सगळं ज्याच्यावर उभं आहे ते आधी सांगते. त्या रात्री चांगला डॉक्टर शोधायचा नसतो, उघडा दवाखाना शोधायचा असतो. आपल्याकडे काय होतं, माणूस हातातून चाललाय आणि घरचे मामाला फोन करतायत, मामा त्यांच्या मित्राला करतायत, मित्र म्हणतो पुण्यात एक फार नामांकित डॉक्टर आहेत, अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची मिळेल. गुरुवारचं गुरुवारी बघू. आज रात्री जवळची कॅज्युअल्टी, म्हणजे दवाखान्याचा इमर्जन्सी विभाग.

हे तुम्ही स्वतःसाठीच वाचत असाल तर

तर बाकीचं राहू दे, आधी १४४१६ लावा. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. नाव खरंच सांगायला पाहिजे असं काही नाही. आणि फोन लागेपर्यंत घरातल्या किंवा रूमवरच्या कुणालातरी उठवा, "मला एकटं राहायला भीती वाटतेय, माझ्याजवळ बस" एवढं म्हटलं तरी पुरे, कारण काय ते नंतर सांगता येईल. हाताशी असं काही असेल ज्यानं इजा होईल, तर ते तिथंच सोडून दुसऱ्या खोलीत किंवा सरळ शेजाऱ्यांच्या दारात जा. रात्रीचे तीन वाजलेत म्हणून लाजू नका, शेजारी चिडले तर चिडू देत.

## १. आधी ओळखा: हे आत्ताचं आहे का उद्याचं

सगळीच उदासी किंवा चिडचिड इमर्जन्सी नसते, पण खालच्यातलं काही दिसलं तर घड्याळ सुरू झालंय असं समजा.

आत्ता म्हणजे आत्ताच हलायचं:
- जीव द्यायचं बोलतोय आणि कसं, कधी हेही ठरवलंय, किंवा साधन जवळ आहे, किंवा काही करून बसलाय
- कुणाच्या तरी अंगावर धावून जातोय, कानात आवाज येतायत आणि ते आवाज काहीतरी करायला सांगतायत
- खाणंपिणं पूर्ण बंद, बोलणं बंद, एकाच जागी ताठ बसून राहिलाय
- अचानक भ्रमल्यासारखं बोलतोय, दिवस का रात्र कळत नाही, घरची माणसं ओळखत नाही

आज किंवा फार तर उद्या:
- तीन-चार रात्री झोप नाही तरी अंगात दहा माणसांचा उत्साह, मोठमोठ्या गोष्टी, पैसे उधळणं, कर्ज काढून धंदा टाकायच्या बाता
- जेवणात काहीतरी घातलंय, शेजारी माझ्यावर पाळत ठेवतायत, मोबाईलमधून माझे विचार वाचतायत असं
- "माझ्यामुळे तुम्हाला त्रास", "मी नसलो तर तुमचं बरं होईल" अशी भाषा, जुन्या मित्रांना फोन करून माफी मागणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, बायकोला बसवून पासबुक आणि विम्याचे कागद समजावून सांगणं

या शेवटच्या ओळीकडे नीट बघा. बरेच दिवस खचलेला माणूस अचानक शांत, हलकाफुलका झाला की घरच्यांना हायसं वाटतं, आणि कधी कधी ते खरंच बरं वाटणं असतंही. पण सोबत हे निरवानिरव केल्यासारखं वागणं असेल तर हायसं वाटून घेऊ नका, त्याच दिवशी विचारा (कसं ते पुढच्या पायरीत). निकाल लागला, बँकेची नोटीस आली, लग्न मोडलं, किंवा नुकताच दवाखान्यातून घरी आलाय, असे दिवस जास्त जपायचे.

तीन गोष्टी अशा आहेत ज्या लोक हमखास "मानसिक" म्हणून घरी ठेवतात आणि त्यात शरीराची इमर्जन्सी असते. एक, म्हातारं माणूस एका दिवसात असंबद्ध बोलायला लागलं. याला वेड लागलं म्हणू नका, सोडियम उतरलेलं असतं, लघवीचं इन्फेक्शन असतं, साखर खाली गेलेली असते, सरळ दवाखाना. दोन, रोज पिणाऱ्यानं दारू एकदम सोडली आणि दोन-चार दिवसांत हातपाय थरथरतायत, भिंतीवर किडे दिसतायत, घाम फुटलाय, फिट आली. हे जिवावर बेतू शकतं, "सोडतोय तर सोडू दे, सहन करेल" असं म्हणून घरात कोंडू नका. तीन, बाळंतीण. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोप उडाली, विचित्र संशय, बाळाबद्दल भलतंसलतं बोलणं सुरू झालं तर ती माहेरी आहे का सासरी, कुणाची नजर लागली, या चर्चेत एक तासही घालवू नका. तिला आणि बाळाला दोघांनाच खोलीत ठेवायचं नाही, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे. वेळेत औषध मिळालं तर बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात.

## २. सरळ विचारा

लोकांना वाटतं जीव द्यायचा विषय काढला तर नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

आडून आडून नको, "काही उलटसुलट करायचा विचार नाही ना?" असं तर मुळीच नको, कारण त्या प्रश्नातच "नाही म्हण बाबा" असं लिहिलेलं असतं. असं विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?" हो म्हणाला तर पुढचं: कधीपासून, काही ठरवलंय का, त्यासाठी काही आणून ठेवलंय का. आवाज चढवायचा नाही, रडायचं नंतर. "कुणाला सांगू नकोस" म्हणाला तर शब्द देऊ नका. "तुझी लाज जाईल असं कुणाला सांगणार नाही, पण तुझा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगणार", एवढं स्पष्ट बोललं तर चालतं, माणसाला ते कळतं.

काय बोलायचं नाही याची यादी माझ्याकडे खरं तर फार मोठी आहे, कारण आमच्या नातेवाइकांनी ती पुरवलीय. तुला काय कमी आहे. मन घट्ट कर. आमच्या वेळी नव्हतं असलं काही. गोव्याला जाऊन ये चार दिवस. आणि सगळ्यावर कडी म्हणजे लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. हे शेवटचं बोलणाऱ्यांना घराबाहेरच थांबवा, त्यात आणखी एका मुलीचं आयुष्य गुंतवायचा सल्ला असतो तो.

भ्रम असेल, म्हणजे कुणीतरी मारायला येतंय असं त्याला पक्कं वाटत असेल, तर वाद घालू नका आणि हो ला हो पण करू नका. "मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटतेय ते मला दिसतंय, मी इथंच आहे." एका वेळी एकानंच बोलायचं, टीव्ही बंद, पोरांना शेजारी पाठवा, आणि दाराच्या मध्ये उभं राहू नका, घाबरलेल्या माणसाला वाट अडवली की तो धक्का मारूनच जाणार.

## ३. घर सुरक्षित करा, एकटं सोडू नका

कुणीतरी एक जण सतत जवळ. सतत म्हणजे रात्रीही, बाथरूमला गेला तर दार नुसतं लोटलेलं, आतून कडी नाही. पाळ्या लावा, एकाच माणसानं जागायचं नाही.

घरातल्या सगळ्या गोळ्या, आजीच्या बीपीच्या आणि झोपेच्या धरून, एका डब्यात घालून घराबाहेर, शेजारी किंवा दुसऱ्या नातेवाइकाकडे. शेतीचं औषध, तणनाशक, उंदराचं औषध हे घरात नकोच, गोठ्यातही नको. कुलूप लावून किल्ली दुसऱ्याकडे, किंवा सरळ दुसऱ्याच्या वस्तीवर नेऊन ठेवा. लोक म्हणतात "ज्याला करायचंय तो करणारच". हे चुकीचं आहे. ती लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात साधन हाताला लागलं नाही तर माणूस वाचतो. या सगळ्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

समजा त्यानं काही घेतलंच असेल तर: मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, दूध-तूप काही द्यायचं नाही. बाटली किंवा गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घालून सोबत घ्या आणि १०८ किंवा जी गाडी आधी मिळेल ती. आत्ता ठीक दिसतोय म्हणून थांबू नका, काही गोष्टींचा परिणाम दोन दिवसांनी दिसतो आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

## ४. फोन कुणाला लावायचा

१४४१६ (किंवा १८००-८९-१४४१६) टेली-मानस. माणूस समोर आहे, बोलतोय, हिंसक नाही पण काय करावं कळत नाहीये, अशा वेळी. आधी समुपदेशक बोलतात, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे फोन देतात. घरचे म्हणून तुम्हीही करू शकता, पेशंटनंच करायला पाहिजे असं नाही.

१०८ ॲम्ब्युलन्स, फुकट.

११२ पोलीस. माणूस हिंसक आहे, घर सोडून निघून गेलाय, दार लावून बसलाय, तेव्हा.

लहान मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, आणि बाईला घरातच मारहाण होत असेल आणि त्यातून हे सगळं असेल तर १८१.

फोनवर घाबरून लोक सगळा इतिहास सांगत बसतात, नोकरी गेली तिथपासून. पहिल्या तीन वाक्यांत एवढं येऊ द्या: पेशंटचं वय, आत्ता काय करतोय, हातात किंवा जवळ काही आहे का, पूर्ण पत्ता आणि जवळची खूण. "माझा भाऊ, ३२ वर्षांचा, बायपोलरचा पेशंट, औषध बंद आहे, जीव द्यायचं म्हणतोय, खोलीत आतून कडी लावलीय, अमुक गाव, मारुतीच्या देवळामागं." मग ते विचारतील ते सांगा. पोलिसांना "वेडा झालाय" असं सांगू नका, "पेशंट आहे, दवाखान्यात न्यायला मदत पाहिजे" असं सांगा. येणारी माणसं कुठल्या तयारीनं येतात त्यावर त्यानं खरंच फरक पडतो.

## ५. सोबत काय न्यायचं

एक पिशवी, दाराजवळ. त्यात:
- पेशंटचं आणि सोबत जाणाऱ्याचं आधार कार्ड, रेशन कार्ड असेल तर तेही
- जुनी फाईल, डिस्चार्ज कार्ड, शेवटचं प्रिस्क्रिप्शन. फाईल सापडत नसेल तर गोळ्यांची पाकिटं तशीच उचला
- दुसरे आजार आणि ॲलर्जी एका चिठ्ठीवर (शुगर, थायरॉईड, फिट)
- झोप कधीपासून नाही, शेवटचं औषध कधी घेतलं, दारू किंवा गांजा काय घेतलंय, हे तारखांसकट. दारूचं लपवू नका, डॉक्टर तिथं संस्कार वर्ग घेत नाहीत, त्यांना इंजेक्शन कोणतं द्यायचं ते ठरवायचं असतं
- मेडिक्लेमचं कार्ड. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा मिळाला पाहिजे, तेव्हा काउंटरवर "यात सायकियाट्री नसतं" ऐकून परत फिरू नका, पॉलिसीचा कागद मागा
- चार्जर, पाण्याची बाटली, दोन जोड कपडे (बेल्ट, नाडी, ओढणी नको)

गाडीत पेशंट मागे, मधल्या सीटवर, दोन्ही बाजूला माणूस, मागच्या दारांना चाइल्ड लॉक. टू-व्हीलरवर नेऊ नका.

## ६. कॅज्युअल्टीत गेल्यावर

सिव्हिल, मेडिकल कॉलेज, किंवा जो मोठा दवाखाना जवळ असेल तो. ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे, पण मध्यरात्री गावाकडून थेट तिकडे पाच तास गाडी हाणायची गरज नसते. इमर्जन्सी उपचार कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर देऊ शकतो, कायद्यातच तशी तरतूद आहे, ७२ तासांपर्यंत. म्हणजे साध्या एमबीबीएस डॉक्टरनंही पेशंटला शांत करून, सुरक्षित ठेवून मग पुढे पाठवायचं. "आमच्याकडे सायकियाट्रिस्ट नाही, घेऊन जा" असं आम्हालाही एका ठिकाणी ऐकवलं गेलंय. तेव्हा भांडायचं नाही, पण हलायचंही नाही. "ठीक आहे, तुम्ही तपासून इमर्जन्सी उपचार द्या, आणि कुठं न्यायचं ते रेफरल चिठ्ठीवर लिहून द्या, ॲम्ब्युलन्स द्या." लिहून द्या म्हटलं की बराच फरक पडतो.

केसपेपर काढताना एक जण खिडकीवर आणि एक जण पेशंटजवळ. एकटे असाल तर आधी पेशंटला आत सोपवा, केसपेपर मागून. डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच जोखीम सांगा, "आज जीव द्यायचा प्रयत्न केलाय" किंवा "आईवर हात टाकलाय". "जरा टेन्शनमध्ये आहे" असं मऊ करून सांगितलं तर तुमचा नंबर ताप-खोकल्यामागे लागणार. पेशंटसमोर बोलायला अवघड वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.

शुगर, रक्त, ईसीजी काढायला सांगतील, त्यावरून कुरकुर नको, शरीराचं कारण नाही ना हे आधी बघायलाच पाहिजे.

पोलीस केसची भीती. प्रयत्न केलेल्या माणसाला नेलं की दवाखान्यात एमएलसी होते, म्हणजे पोलिसांना कळवलं जातं आणि ते जबाब घ्यायला येतात. एवढ्या एका भीतीनं लोक "पाय घसरून पडला", "चुकून घेतलं" असं सांगतात आणि मग डॉक्टर पोट साफ करून घरी सोडतात, मनाकडे कुणी बघतच नाही. नीट ऐका: २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्यासाठी त्याला शिक्षा करायची नाही. जुन्या भारतीय दंड विधानातलं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहिता आल्यावर राहिलंच नाही (सरकारी कामात अडथळा आणायला कुणी असं केलं तर त्याचं वेगळं कलम आहे, ते आपल्या घरच्या पेशंटला लागत नाही). तेव्हा खरं सांगा.

## ७. यायलाच तयार नसेल तर

बहुतेक फोन मला याच पायरीवर येतात.

पहिलं, ज्याचं तो ऐकतो असा एक माणूस शोधा. वडीलच पाहिजेत असं नाही, आमच्याकडे ते काम त्याच्या कॉलेजच्या मित्रानं केलं. "तुला मनोरुग्णालयात टाकतोय" म्हणण्यापेक्षा "चार रात्री झोपला नाहीस, झोपेचं बघून येऊ" म्हणा, ते खोटं नाही, झोप हा त्याचा पण प्रॉब्लेम असतोच. पण देवदर्शनाला नेतो सांगून दवाखान्याच्या दारात उतरवणं नको, त्या दिवसाचं काम होतं पण नंतर वर्षभर तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. निवड द्या: आत्ता जायचं का चहा घेऊन, मी येऊ का ताई येईल. जेवणात गुपचूप गोळ्या मिसळणं हेही डॉक्टरांना न विचारता नको, संशय असलेल्या माणसाचा संशय खरा करून देता तुम्ही.

तरीही नाहीच, आणि धोका खरा आहे, तर ११२. आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेल्या माणसाला संरक्षणात घेऊन सरकारी दवाखान्यात पोचवणं हे पोलिसांचं काम आहे, त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम १०० मध्ये आहे. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत दवाखान्यात न्यायचंच असतं. स्टेशनवर हे शांतपणे सांगा, कलमाचा नंबर कागदावर लिहून न्या.

आता दोन सापळे. एक, "उचलून नेणारे". नेटवर शोधलं की काही नशामुक्ती किंवा पुनर्वसन केंद्रवाले भेटतात, रात्री गाडी घेऊन येतो, चार माणसं आणतो, तीन महिने ठेवतो, भेटायला यायचं नाही, पैसे ॲडव्हान्स. मानसिक आजाराचे पेशंट ठेवणाऱ्या कुठल्याही केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. सर्टिफिकेट मागा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून कधी येतात ते विचारा, आतली खोली बघायला मागा. भेटू देत नाहीत म्हणाले की फोन ठेवा.

दुसरा, देवरुषी. बाहेरचं आहे, भगताकडे न्या. मी कुणाच्या श्रद्धेवर बोलत नाही, आमची आईसुद्धा अंगारा लावतेच, लावू दे, अंगाऱ्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, साखळीनं बांधणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि ज्या आठवड्यात औषध सुरू व्हायला हवं होतं तो आठवडा तिथं जातो.

## ८. ॲडमिट करताना कोणत्या कागदावर सही करताय ते वाचा

पेशंट स्वतः हो म्हणाला तर तो स्वतःच्या सहीनं ॲडमिट होतो, आणि हेच सगळ्यात चांगलं. तो हो-नाही ठरवायच्या स्थितीत नसेल तर त्याच्या वतीनं "नामनिर्देशित प्रतिनिधी" अर्ज करतो. आधी कुणाला नेमलेलं नसेल तर साधारणपणे जवळचा नातेवाईक. मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्यातला व्यावसायिक, दोघं वेगवेगळे तपासतात, आणि अशी ॲडमिशन सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच असते. कायमचं डांबून ठेवतील ही भीती जुन्या सिनेमांतून आलेली आहे. निर्णय पटला नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते, पेशंटला स्वतःलाही, आणि त्यासाठी वकील फुकट मिळतो.

शॉक ट्रीटमेंट म्हटलं की सगळे हादरतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती देताच येत नाही आणि त्या पहिल्या ७२ तासांच्या इमर्जन्सीत तर देताच येत नाही. डॉक्टरांनी नंतर सुचवली तर घाबरून नाही म्हणण्याआधी कशासाठी ते विचारून घ्या, काही पेशंटना तिचा फार चांगला उपयोग होतो.

समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ यात गल्लत करू नका. औषध लिहितो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. संकटाच्या काळात तोच. समुपदेशन लागतं, पण पेशंट झोपायला आणि जेवायला लागल्यावर.

## ९. घरी आणल्यावरचे पहिले आठवडे

घरच्यांना वाटतं संपलं. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे उलट जास्त जपायचे असतात, म्हणून फॉलो-अपची तारीख डिस्चार्ज घेतानाच घ्या, शक्यतो आठवड्याच्या आतली.

गोळ्या तुमच्या ताब्यात, आठवड्याच्याच आणा. डिप्रेशनच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात, चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटतंय म्हणून तर मुळीच बंद करू नका, पुष्कळ पेशंट परत येतात ते याच दारानं. मान वाकडी झाली, डोळे वर गेले, जीभ जड झाली, अंग ताठ झालं तर तो औषधाचा साइड इफेक्ट असू शकतो, लगेच दाखवा, त्यावर उतारा असतो. लाज वाटून पेशंट वजन वाढल्याचं किंवा लैंगिक त्रासाचं बोलत नाही आणि गुपचूप गोळी थुंकतो, तर ते तुम्हीच डॉक्टरांसमोर काढा.

"आता कसं वाटतंय" हे दिवसातून दहादा विचारू नका. माझा भाऊ म्हणतो, तेवढं एक लिहीच.

आणि जो सांभाळतोय त्याला एक रात्र पूर्ण झोप मिळालीच पाहिजे. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थेत घरच्यांचे आधारगट आहेत, दारूचा प्रश्न असेल तर मुक्तांगण आहे. तिथं गेल्यावर पहिल्यांदा कुणालातरी काही समजावून सांगावं लागत नाही.

## १०. तुम्ही लांब असाल तर

पोरगा पुण्यात एमपीएससी करतोय आणि तुम्ही नांदेडला, किंवा आई सांगलीत आणि तुम्ही न्यू जर्सीत. पोराच्या रूममेटचा, मेसवाल्या काकूंचा, हॉस्टेलच्या वॉर्डनचा नंबर आजच घेऊन ठेवा. भारतात असाल तर ११२ ला दुसऱ्या गावाचा पूर्ण पत्ता सांगा, म्हणजे निरोप तिकडे देता येईल. परदेशातून ११२ लावून सांगलीचे पोलीस येत नाहीत, तेव्हा त्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनचा एसटीडी कोडसकट लँडलाईन नंबर फोनमध्ये पाहिजे आणि दारात पाच मिनिटांत पोचेल असा एक माणूस पाहिजे. त्याच्याकडे घराची दुसरी किल्ली ठेवा. आणि कुणी पोचेपर्यंत तुमचा फोन चालू, बोलत राहायचं, काय जेवलास वगैरे काहीही, तोडायचा नाही.

## ११. बरं असताना एक कागद करून ठेवा

पेशंट शांत असताना त्याच्यासोबत बसून, त्याच्याच शब्दांत. आमच्या कागदावर असं आहे: बिघडायला लागल्याच्या खुणा (भावाच्या बाबतीत रात्री दोनला गाडी धुवायला काढतो, ही पहिली), कोणत्या गोळ्या चालतात आणि कोणत्या सोसत नाहीत, कुणी बोलायचं आणि कुणी अजिबात मध्ये पडायचं नाही (इथं एका काकांचं नाव आहे), कोणत्या दवाखान्यात न्यायचं, एटीएम कार्ड आणि गाडीची किल्ली कधी काढून घ्यायची याला त्याची आधीच परवानगी.

त्याच बैठकीत नामनिर्देशित प्रतिनिधी कोण ते साध्या कागदावर लिहून त्याची सही घ्या, कायद्याला एवढं चालतं, आणि मग ऐन वेळी सही कुणी करायची, बायकोनं का थोरल्या भावानं, यावर दवाखान्याच्या पायरीवर भांडण होत नाही. उपचार कसे हवेत, कसे नकोत हे आधीच लिहून ठेवायचीही सोय आहे, त्याची पद्धत जरा जास्त कागदांची आहे, डॉक्टरांना विचारून करा.

कागदाचा फोटो दोघातिघांच्या मोबाईलमध्ये, मूळ कागद फाईलमध्ये, फाईल त्या पिशवीत. आणि दर वेळी गोळ्या बदलल्या की त्यात दुरुस्ती करा, नाहीतर कॅज्युअल्टीत तुम्ही दोन वर्षांपूर्वीचं औषध सांगाल.